दुसऱ्या मानाचा कर्तबगार

बास्केटबॉलच्या मैदानावर एका संघाचे पाचच खेळाडू एका वेळी उतरतात. त्या पाचांत बहुधा एखादा असा असतो की, प्रेक्षकांचे डोळे सतत त्याच्याकडेच लागलेले असतात. चेंडू त्याच्या हाती जावा, गुण त्याने मिळवावेत आणि जयजयकार त्याचाच व्हावा, हे जणू ठरूनच गेलेले असते. परंतु त्याच संघात आणखी एक खेळाडू असतो. तो गुणी असतो, मेहनती असतो, दुसऱ्या एखाद्या संघात असता तर कदाचित अग्रभागीही शोभला असता. पण येथे त्याचा मान दुसरा असतो. अशा खेळाडूचे काय करावे? त्याला अग्रणीची नक्कल करावयास लावावे, अग्रणी थकला म्हणजे त्याची जागा भरून काढण्यापुरते वापरावे, की त्याच्यासाठी वेगळेच काही काम योजावे? संघनायकाच्या शहाणपणाची खरी कसोटी या प्रश्नात आहे.

हा खेळ जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी शोधून काढला. आरंभीच्या काळात मैदानाबाहेर गेलेल्या खेळाडूला त्या सामन्यात परत येता येत नसे. १९२० च्या सुमारास त्याला एकदा परत येण्याची मुभा मिळाली, पुढे ती दोनदा झाली आणि १९४४ च्या सुमारास अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळातून हे बंधन अजिबात उठले. नियम लहानसा दिसतो, पण त्याने बाकावर बसलेल्या माणसाची किंमत पालटली. बॉस्टन सेल्टिक्स या संघाचे शिक्षक रेड आवरबाख यांनी १९५० नंतरच्या दशकात फ्रँक रॅम्झी या खेळाडूला मुद्दाम पहिल्या पाचांबाहेर ठेवले. तो पहिल्या पाचांत सहज बसला असता. परंतु सामना काही काळ चालला, प्रतिपक्ष दमू लागला की हा ताज्या दमाचा, तयारीचा गडी आत शिरे आणि खेळाचा रंग बदलून टाकी. रॅम्झीनंतर जॉन हॅव्हलिचेक याने तेच काम केले. १९५७ ते १९६९ या तेरा वर्षांत त्या संघाने अकरा वेळा अजिंक्यपद मिळविले. त्या यशात बिल रसेलसारख्या अग्रणीचा वाटा मोठा होताच. परंतु ‘सहाव्या गड्या’ला त्याचे स्वतःचे काम नेमून देणाऱ्या योजनेचा वाटाही लहान नव्हता.

छत्तीसगडला हा खेळ परका नाही. रायपूरपासून जवळच असलेल्या भिलाईत तयार झालेल्या मुलींच्या बळावर छत्तीसगडच्या महिला संघाने राष्ट्रीय विजेतेपदे मिळविलेली आहेत. परंतु दुसऱ्या मानाच्या गुणी माणसाचा उपयोग कसा करावा, हा प्रश्न या प्रदेशाला बास्केटबॉलच्याही आधीपासून ठाऊक आहे. अठराव्या शतकात तो चेंडूच्या नव्हे, तर राज्याच्या खेळात उभा राहिला होता आणि त्या खेळातील दुसऱ्या मानाच्या गड्याचे नाव होते बिंबाजी भोसले.

त्या काळच्या मराठी राज्यात हा प्रश्न घरोघरी होता. पुण्यास थोरल्या बाजीरावासारखा अग्रणी होता आणि त्याच्या पाठीशी चिमाजी आप्पासारखा धाकटा भाऊ होता. बाजीरावाने या भावाला आपली सावली करून ठेवले नाही. वसईची मोहीम त्याच्यावर सोपविली आणि १७३९ साली वसई मराठ्यांच्या हाती आली. बाजीरावाची कीर्ती त्यामुळे उणी झाली नाही, उलट राज्याची शक्ती दुणावली. त्याच घराण्यात पुढे रघुनाथराव निपजला. तोही शूर होता, उत्तरेतील त्याच्या स्वारीने मराठ्यांचे निशाण फार दूरवर नेले. पण पुतण्या माधवराव गादीवर आल्यावर या चुलत्याचे निश्चित स्थान कोणते, हे कधीच नीट ठरले नाही. काका-पुतण्यांत समेट झाले आणि मोडले, १७६८ साली धोडपला लढाई झाली, रघुनाथराव कैदेत पडला आणि १७७३ साली नारायणरावाच्या खुनापर्यंत ही कथा जाऊन पोचली. दोघेही एकाच घरातले, दोघेही पराक्रमी. स्वभावाचा भेद होताच. परंतु एकाच्या कर्तृत्वाला वाट मिळाली व दुसऱ्याच्या कर्तृत्वाला ती मिळाली नाही, हाही भेद दृष्टीआड करता येत नाही.

नागपूरकर भोसल्यांच्या घरी हा प्रश्न १७५५ च्या फेब्रुवारीत उभा राहिला. सेनासाहेबसुभा रघुजी भोसले त्या महिन्यात निवर्तले. वऱ्हाडापासून बंगालच्या सीमेपर्यंत ज्यांच्या घोड्यांच्या टापा वाजल्या, असा हा पुरुष होता. मागे चार पुत्र होते : जानोजी, मुधोजी, साबाजी आणि बिंबाजी. जानोजी वयाने वडील होता, मुधोजी थोरल्या राणीचा होता. तेव्हा गादीवर हक्क कोणाचा, या वादाला तोंड फुटले. अखेर पेशव्यांच्या मध्यस्थीने तोडगा निघाला. जानोजीला सेनासाहेबसुभा हे पद व नागपूर मिळाले, मुधोजीला सेनाधुरंधर हा किताब व चांद्याचा प्रांत, साबाजीला दारव्हा आणि बिंबाजीला छत्तीसगड. चौघांत सर्वांत दूरचा, रानावनाने वेढलेला आणि दरबारच्या दृष्टीने आडबाजूचा असा प्रांत बिंबाजीच्या वाट्याला आला. त्या वेळी पुण्याच्या किंवा नागपूरच्या मुत्सद्द्याला विचारले असते, तर त्याने या वाटणीत बिंबाजी मागे पडला, असेच उत्तर दिले असते.

या प्रांताची जुनी घडी हैहयवंशी कलचुरी राजांनी बसविली होती. त्यांची एक शाखा रतनपूरला व दुसरी रायपूरला नांदत होती. शिवनाथ नदीच्या उत्तरेकडील अठरा गड रतनपूरचे आणि दक्षिणेकडील अठरा रायपूरचे, मिळून छत्तीस गड, अशी त्या नावाची उपपत्ती सांगितली जाते. १७४१ साली रघुजींचा सेनापती भास्करराम कोल्हटकर पूर्वेकडील स्वारीवर जाताना रतनपूरवर येऊन थडकला. राजा रघुनाथसिंह वृद्ध होता, पुत्रशोकाने खचला होता. त्याने झुंज दिली नाही. शतकानुशतके टिकलेले राज्य जवळजवळ रक्तपाताशिवाय मांडलिक झाले. पुढे रघुजींनी मोहनसिंह नावाच्या त्याच वंशातील पुरुषाला रतनपुरास बसविले. १७५८ साली बिंबाजी आपला वाटा ताब्यात घेण्यास निघाला, तेव्हा मोहनसिंहाने विरोधाची तयारी चालविली. पण प्रत्यक्ष गाठ पडण्यापूर्वीच तो मरण पावला आणि बिंबाजी रतनपुरात शिरला.

रायपूरच्या शाखेची अखेर याहून करुण आहे. तेथील राजा अमरसिंह याला रायपूर, राजिम व पाटण हे परगणे सात हजार रुपये खंडणीच्या बोलीवर ठेवण्यात आले होते. १७५३ साली तो वारला आणि त्याचा पुत्र शिवराजसिंह याच्याकडून तेही गेले. बडगाव हे एक गाव आणि रायपूर भागातील दर गावामागे एक रुपया, एवढीच त्याची उपजीविका उरली. ज्याचे पूर्वज अठरा गडांचे धनी, त्याने गावोगावचा रुपया मोजीत बसावे, हा दैवाचा खेळ खरा; पण त्यात माणसाचा हातही होता. बिंबाजीची कारकीर्द सांगताना तिच्या पायाशी असलेली ही वेदना विसरून चालणार नाही.

बिंबाजीने रतनपूर हीच आपली राजधानी केली आणि १७८७ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, त्याने तेथे राज्य केले. त्याचे सैन्य स्वतःचे होते, मंत्री स्वतःचे होते, दरबार स्वतःचा होता. नागपूरची सत्ता तो मानी, परंतु नागपूरहून त्याच्या रोजच्या कारभारात हात घातला जात नसे. आरंभी त्याचा अंमल सक्तीचा होता. नव्या विजेत्याची वसुलीची घाई आणि प्रजेचा अविश्वास या दोहोंचा तो काळ होता. पण वर्षे गेली तशी वृत्ती पालटली. परका सरदार म्हणून आलेला मनुष्य हळूहळू त्या भूमीचा झाला. रतनपूरच्या टेकडीवर त्याने रामाचे मंदिर बांधले. ती टेकडी रामटेकडी म्हणून ओळखली जाते. नागपूरजवळच्या रामटेकची आठवण त्या नावात आहे, हे मराठी माणसाला सांगावयास नको. रायपूरच्या दूधाधारी मठातील राममंदिराशीही परंपरा त्याचे नाव जोडते. दसऱ्याला सोने वाटण्याची चाल या भागात त्याच्यामुळे रुळली, असे सांगतात. कचेरीच्या कागदांत मराठी भाषा आणि मोडी लिपी त्याच्याच काळात शिरली. राजनांदगाव व खुज्जी या नव्या जमीनदाऱ्या त्याने उभ्या केल्या, तर जुन्या जमीनदारांपैकी अनेकांना त्यांच्या जागी राहू दिले. मोठी मोहीम, दूरवरची स्वारी, बखरकाराने रंगवून सांगावी अशी लढाई त्याच्या नावावर नाही. त्याची कर्तबगारी प्रांत धरून ठेवण्यात आणि वसविण्यात होती.

नेमक्या याच तीस वर्षांत नागपूरच्या मैदानावर काय चालले होते, ते पाहिले म्हणजे बिंबाजीच्या शांत कारकिर्दीचा अर्थ अधिक उमगतो. जानोजी हुशार होता, पण त्याचे सारे आयुष्य पुणे आणि हैदराबाद यांच्यामध्ये तोल साधण्यात गेले. १७६३ साली तो प्रथम निजामाच्या बाजूने उभा राहिला आणि पुण्याच्या लुटीत सामील झाला. त्याच वर्षीच्या राक्षसभुवनच्या लढाईपूर्वी तो फुटून पेशव्यांकडे आला. पुढे रघुनाथरावाची बाजू धरल्यामुळे माधवराव त्याच्यावर चालून आला आणि १७६९ साली कनकापूरचा तह करून जानोजीला नमते घ्यावे लागले. १७७२ साली तो वारला. त्याने मुधोजीचा पुत्र रघुजी दत्तक घेतला होता. परंतु मुलाच्या नावाने कारभार कोणी करावा, यावरून मुधोजी व साबाजी हे भाऊ एकमेकांविरुद्ध शस्त्र घेऊन उठले. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगावच्या रणात दोघांची गाठ पडली आणि मुधोजीच्या हातून साबाजी मारला गेला. चार भावांपैकी तिघे आयुष्यभर एकाच चेंडूसाठी झटत राहिले, त्यात एकाचा जीवही गेला. चौथा मात्र आपल्या दूरच्या कोपऱ्यात आपले काम करीत होता. सेनासाहेबसुभा होण्यासाठी तो नागपूरवर चालून गेला नाही. त्याला तशी गरजच वाटली नसावी. कारण हाताला पुरेसे काम आणि त्या कामाला पुरेसा मान त्याला रतनपुरात मिळाला होता.

बिंबाजी कसा यशस्वी झाला, याचे उत्तर तीन गोष्टींत सापडते. पहिली गोष्ट ही की, त्याला मिळालेले क्षेत्र त्याचे स्वतःचे होते. जानोजीच्या कामाचा उरलेला तुकडा त्याच्याकडे आलेला नव्हता. दुसऱ्या मानाचा माणूस पहिल्याच्या उष्ट्यावर ठेवला की तो एक तर खुरटतो, नाही तर उलटतो. रॅम्झीला आवरबाखने अग्रणीची प्रतिकृती म्हणून वापरले असते, तर तो साधारण खेळाडूच ठरला असता. दुसरी गोष्ट अशी की, वरचे बंधन तुटले नव्हते, परंतु ते काचतही नव्हते. बिंबाजी नागपूरचा होता, हे सर्वांना ठाऊक होते. पण रतनपुरात निर्णय त्याचा चाले. ज्याच्याकडून काम करून घ्यावयाचे, त्याला चुकण्याचीही मोकळीक द्यावी लागते. बिंबाजीच्या आरंभीच्या सक्तीचे पुढे सौम्य अंमलात रूपांतर झाले, ते तीस वर्षांची उसंत मिळाल्यामुळे. दर दोन वर्षांनी त्याला परत बोलावले असते, तर ते कदापि घडले नसते. तिसरी गोष्ट म्हणजे त्याच्या कामाचे माप निराळे होते. किती प्रांत जिंकला आणि किती खंडणी आणली, या मापाने तो जानोजीपुढे उणाच ठरला असता. पण स्थिरता, वस्ती आणि प्रजेचा विश्वास हे माप लावले, तर चौघांत त्याच्या तोडीचा कोणी दिसत नाही. संघातील प्रत्येकाचे मोल केवळ गुणफलकावरून ठरविणारा नायक आपल्या अर्ध्या शक्तीला मुकतो.

हे यश योजनेचे होते की योगायोगाचे, असा प्रश्न येथे कोणी विचारील आणि तो रास्तच आहे. छत्तीसगड बिंबाजीला दिले गेले, ते त्याचे गुण ओळखून दिले गेले, असे म्हणण्यास आधार नाही. भावांची तोंडे बंद करण्यासाठी झालेली ती वाटणी होती. जानोजीने त्याच्या कारभारात लुडबूड केली नाही, त्यामागे उदारपणापेक्षा पश्चिमेकडील संकटांनी गुंतवून ठेवलेले मन हेच कारण अधिक असेल. जे घडले ते चांगले घडले, पण का घडले हे घराण्याला कळले नाही. आणि न कळलेले शहाणपण पुढच्या पिढीला देता येत नाही.

त्याची प्रचीती लवकरच आली. १७८७ साली बिंबाजी मरण पावला. त्याची एक पत्नी उमाबाई सती गेली. दुसरी पत्नी आनंदीबाई हिचा दरारा रतनपुरात काही काळ टिकून होता, पण पोटी वारस नव्हता. छत्तीसगड आता दुसऱ्या रघुजीचा धाकटा भाऊ व्यंकोजी याच्या नावे झाले. पुन्हा तोच योग आला : नागपुरास थोरला भाऊ, हाताशी कर्तबगार धाकटा भाऊ आणि तोच प्रांत. व्यंकोजी गुणी होता. १८०३ साली आडगावच्या लढाईत इंग्रजांपुढे भोसल्यांची फौज त्याच्याच नेतृत्वाखाली उभी होती. परंतु त्याने रतनपुरास बिऱ्हाड केले नाही. तो नागपुरात राहिला, राजकारणात गुंतला आणि छत्तीसगडचा कारभार सुभेदारांच्या हाती सोपवून मोकळा झाला. महिपतराव दिनकर हा पहिला सुभेदार. त्याच्यामागून आलेल्या विठ्ठल दिनकराने परगण्यांची नवी व्यवस्था लावून कमाविसदार नेमले. कागदावर ही व्यवस्था बिंबाजीच्या घरगुती कारभारापेक्षा अधिक रेखीव होती. पण जो पैसा भरून किंवा पैशाचे वचन देऊन येतो आणि उद्या आपण येथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नसते, त्याचे लक्ष रयतेच्या विहिरीकडे जात नाही, तिच्या कोठाराकडे जाते. १८१८ पर्यंतच्या त्या तीस वर्षांना पुढे आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लुटीचा काळ म्हटले. परक्या राज्यकर्त्याला मागल्या अंमलाची निंदा करणे सोयीचे असते, हे ध्यानी घेऊनही त्या आरोपातील तथ्य नाकारता येत नाही. १७९५ साली कॅप्टन ब्लंट हा प्रवासी या मार्गाने गेला, तेव्हा बिंबाजीच्या रतनपुराला उतरती कळा लागलेली होती.

प्रांत तोच होता, प्रजा तीच होती, घराणेही तेच होते. अंतर एवढेच पडले की, एका धाकट्या भावाला प्रांत म्हणजे आपले आयुष्य वाटले आणि दुसऱ्याला ते आपले उत्पन्न वाटले. गुणी माणसाला क्षेत्र नेमून दिले म्हणजे भागत नाही. त्याने त्या मैदानावर प्रत्यक्ष उतरावे लागते. बाकावर बसून सामना जिंकता येत नाही, हे खेळाडूला जितके खरे तितकेच राज्यकर्त्यालाही.

बिंबाजीच्या यशाची दुसरीही मर्यादा येथे दिसून येते. त्याने माणसे जोडली, पण आपल्यामागे टिकेल अशी संस्था उभारली नाही. सारी घडी त्याच्या एकट्याच्या भोवती बसलेली होती. तो गेला आणि घडी विस्कटली. उत्तम संघात एका सहाव्या गड्यानंतर दुसरा तयार असतो, रॅम्झीच्या जागी हॅव्हलिचेक येतो. कारण तेथे जागेचे महत्त्व ओळखलेले असते, केवळ माणसाचे नव्हे. नागपूरकरांनी माणूस गमावला आणि त्याबरोबर ती जागाही गमावली.

१८१८ साली इंग्रजांची देखरेख सुरू झाल्यावर राजधानी रतनपूरहून रायपूरला आली. १८३० साली प्रांत पुन्हा भोसल्यांच्या हाती गेला, तोही सुभेदारांच्याच मार्फत चालला आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले तेव्हा छत्तीसगडही त्याबरोबर गेले. रायपूर वाढत गेले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य निर्माण झाले आणि रायपूर त्याची राजधानी ठरले. रतनपूर मात्र तीर्थक्षेत्र म्हणून मागे राहिले. रामटेकडीच्या पायऱ्या चढणाऱ्या भाविकांपैकी थोड्यांनाच पाचगावची लढाई ठाऊक असेल, कनकापूरचा तह तर त्याहून थोड्यांना. ज्या मानासाठी भाऊ भावावर चालून गेला, तो मान गादीबरोबर लयाला गेला. दुसऱ्या मानावर संतुष्ट राहून ज्याने आपले काम केले, त्याने बांधलेल्या मंदिरात दिवा लागतो. संघनायकाने आणि राज्यकर्त्याने आपल्या पाठीशी उभ्या असलेल्या गुणी माणसाकडे पाहताना हा दिवा ध्यानात ठेवावा. आणि त्या दुसऱ्या मानाच्या माणसानेही.